कॉम्रेड इवाई

मोहटोला खाण, चिखल्याजवळ
११ डिसेंबर १९७७

श्री. यादोराव गभणे, मु. करडी, यांस,

वर ‘कॉम्रेड’ लिहिलेलं नाही, ते चुकून राहिलं असं समजू नये. चौसष्ट साली पक्ष फुटला, तुम्ही मॉस्कोच्या बाजूला राहिलात, मी बाहेर पडलो, आणि तुमसरच्या पक्ष-ऑफिसात भर दुपारी तुम्ही मला ‘चीनचा एजंट’ म्हणालात. मीही काही कमी बोललो नाही. तेव्हापासून तेरा वर्षं आपला रामराम बंद आहे. तो बंदच राहावा. हे पत्र फक्त कामाचं आहे.

आमच्या मँगनीजच्या खाणीत गेल्या वर्षी एक मुलगा लागला. भंडाऱ्याहून आयटीआय झालेला. माणसांची ट्रॉली तारेच्या दोराने बोगद्यात सोडायची आणि वर ओढायची, त्या इंजिनवर तो असतो. नाव धनीराम गभणे. गभणे मोहाडी तालुक्यात गावोगाव आहेत, म्हणून मी खोलात गेलो नाही. मुलगा एकटा राहतो म्हणून माझी बायको शकू त्याला जेवायला बोलावू लागली. तो आमच्या युनियनचा सभासद झाला. सभेत सतरंज्या टाकायला पहिला, घोषणा द्यायलाही पहिला. मी त्याला मार्क्स समजावून सांगायचो आणि तो वांग्याची भाजी वाढून घ्यायचा.

काल पाळी सुटल्यावर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, “काका, मले ललितासंगं लगन करायचं आहे. तिची बी मर्जी आहे.”

ललिता माझी एकुलती एक मुलगी, इथल्या बालवाडीत शिकवते. खरं सांगतो, मला आनंद झाला. रीत म्हणून विचारलं, “बापाचं नाव काय तुझ्या?”

“यादोराव.”

“कोणते यादोराव?”

“करडीचे,” तो म्हणाला. “तुमचेच.”

तेव्हा एकच विचारतो. तुमच्या पक्षाने हा पोरगा आमच्या युनियनमध्ये पेरला आहे का? तसं असेल तर त्याला परत बोलावून घ्या. नसेल, तर तसं लेखी कळवा.

टिकाराम बावनकर

करडी
२० डिसेंबर १९७७

श्री. टिकाराम बावनकर यांस,

लेखी कळवतो. माझ्या पक्षाजवळ करडीतून खाणीत हेर पाठवण्याइतके लोक असते, तर विदर्भात राज्य आमचं असतं.

धनीराम खाणीत आहे एवढंच मला ठाऊक होतं. जेवतोस कुठे विचारलं तर ‘खानावळीत’ म्हणायचा. खानावळीत जेवून कोणाचे गाल वर येत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. रविवारी घरी आला तेव्हा त्याला समोर उभा केला. म्हटलं, “तुझा बाप किसान सभेचा, अन् तू त्या फुटिरांच्या युनियनमध्ये?” तर म्हणतो कसा, “बाबा, खाणीत दोन लाल झेंडे आहेत. मले दोन्ही सारखेच दिसते. एकाखाली ललिता उभी होती, म्हणून तिकडे गेलो.”

आता यावर काय बोलावं, तुम्हीच सांगा. मी पंचवीस वर्षं गावाला वर्गलढा शिकवला आणि घरात हे पीक आलं.

तुमसरच्या ऑफिसाचा विषय काढलाच आहे, तर पुरा काढा. बाहेर पडताना तुमच्या माणसांनी पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइल यंत्र उचलून नेलं. तुम्ही एकीकडून ओढलं, मी दुसरीकडून. यंत्र तुमच्याकडे गेलं, हँडल माझ्या हातात राहिलं. ते अजून आहे. माझी बायको गोदावरी शेळ्यांच्या कोठ्याला अडसर म्हणून लावते. तेरा वर्षं बिनहँडलच्या यंत्रावर तुम्ही क्रांती कशी छापली, याचं मला कुतूहल आहे.

लग्नाचं म्हणाल तर माझा नकार समजा. आपली जात वेगळी, पण ते मी मोजत नाही. माझे चुलतभाऊ मोजतील, त्यांच्याकडे मी पाहून घेईन. प्रश्न विचारांचा आहे. सत्तावनच्या बिडी संपात आपण एका ताटात जेवलो. त्या टिकारामने मुलगी पुढे केली असती तर मी नावसुद्धा न विचारता हो म्हटलं असतं. आजच्या टिकारामच्या भिंतीवर माओची तसबीर आहे म्हणे.

शकुबाईंना नमस्कार. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

यादोराव गभणे

करडी
१६ जानेवारी १९७८

शकूबाई,

मले लिवता येत नाई म्हणून शेजारची रुखमा लिहून राहिली. ती कोणाले सांगणार नाई, तिले तिळाचे लाडू देल्ले आहेत.

आमच्याकडे मोठी धूम आहे. तुझ्या मालकाचं पत्र आलं तवापासून हे आंगणात येरझारा मारून राहिले अन् ‘हेर, हेर’ करते. मी इचारलं, हेर म्हणजे काय जी? तं सैपाक होयेपर्यंत मले रशिया समजावला.

आपण दर नवरात्रात मोहाडीच्या चौंडेश्वरीले भेटतो, हे यायले इतक्या सालांत समजलं नाई, तं हे कायचे हेर पकडतीन! पोरगं तुमच्याकडे खाणीत लागलं, त्याले दोन घास घालजो, असं मीच तुले म्हणलं होतं. तू घातले. ललिता तं मले फराक घालत होती तवापासून पसंत आहे. आता हे म्हणते का पक्षानं पेरलं. पेरणाऱ्या आपण दोघी, पण तू काही बोलू नोको.

भांडतीन तं भांडू दे. इतके साल तोंड पाह्यलं नाई, आता लिहून तं राहिले. मी घरात उलटंच बोलून पाह्यलं. म्हटलं, “नोको बापा ते चिनी लोक आपल्या घरात.” तं लगेच हे म्हणते, “टिकाराम चिनी नाई वं. माणूस मोठा साजरा आहे.” काम होऊन राहिलं.

धनीरामच्या हाती नवा तांदूळ पाठवला आहे. पाणी बेतानं टाकजो, नवा आहे, गिचका होते.

तुझी,
गोदावरी

मोहटोला खाण
३० एप्रिल १९७८

यादोराव यांस,

उद्या मे दिवस. भाषण तयार झालं, म्हणून तुमच्या पत्राला हात घातला.

आमच्या यंत्राची काळजी नसावी. चिखल्याच्या लोहाराने पासष्ट सालीच नवं हँडल ठोकून दिलं. जुन्यापेक्षा हलकं फिरतं. तुमचं शेळ्यांकडेच राहू द्या.

आणीबाणीवर मी तुम्हाला एक मोठं पत्र लिहून ठेवलं होतं. तुमच्या पक्षाने तिला साथ दिली, आमची माणसं आत होती, हे सगळं त्यात होतं. पाठवणार तोच पेपरात आलं की भटिंड्याच्या अधिवेशनात तुमच्या पक्षाने ती चूक होती असं मान्य केलं. मग मी ते पत्र चुलीत घातलं. आपलं चुकलं असं पक्षाने चारचौघांत म्हणणं सोपं नाही. आमच्या पक्षाला ते अजून जमलेलं नाही. हे वाक्य कोणाला दाखवू नका.

परवा ललिता माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “बाबा, तुम्ही सभेत म्हणता, जगातल्या कामगारांनो एक व्हा. मी तर करडीच्या एका अन् मोहटोल्याच्या एका माणसाले एक व्हा म्हणून राहिली, तं तेवढंही होत नाही.” मी हसलो. मग हसणं थांबलं. शकू रोज भात जास्त टाकते. तांदूळ हल्ली फार चांगला येऊन राहिला; कुठून आणते कोण जाणे.

माझा होकार आहे. हुंडा नाही, भटजी नाही, मुहूर्त नाही. दोन हार आणि दोन भाषणं, तुमचं एक, माझं एक. दोन्ही सारख्याच लांबीची.

टिकाराम

करडी
९ नोव्हेंबर १९७८

टिकाराम,

उत्तराला उशीर झाला. रोवणी, मग निंदण, आता धानाची कापणी. क्रांती थांबेल, धान थांबत नाही.

तुझ्या अटी मंजूर, एका दुरुस्तीसह. घरी येऊन मी जाहीर केलं की भटजी नाही, हळदही नाही. गोदावरीने हातातला विळा खाली ठेवला. म्हणाली, “हळद नाई तं मी बी नाई. तुमी दोघं अन् तुमचे दोन हार, करून घ्या लगन.” दोन दिवस चर्चा झाली, म्हणजे ती बोलली आणि मी ऐकलं. ठराव असा झाला: हळद वेदात उगवत नाही, वावरात उगवते, सबब ती शेतकऱ्यांची आहे आणि तिला पक्षाची हरकत नाही.

जातीवरून माझा चुलतभाऊ केशवराव सांगायला आला की तो लग्नाला येणार नाही. म्हटलं, “नको येऊ. वऱ्हाडाचा ट्रक मात्र तुझ्याच दारासमोरून जाईल.” काल तो पुन्हा आला आणि जाता जाता विचारून गेला, जेवणात वडे असतील का म्हणून.

तारीख रविवार, ४ मार्च. लग्न तुझ्याकडे मोहटोल्याला, तांदूळ माझा. दोन पोती आत्ताच बाजूला काढली.

तुला ‘तू’ लिहिलं गेलं. हात आपोआप तसा गेला. खोडत नाही.

यादोराव

मोहटोला खाण
२१ फेब्रुवारी १९७९

भाऊ यादोराव,

रेडिओ तुझ्याकडेही आहे. सतरा तारखेला चीनची फौज व्हिएतनाममध्ये घुसली.

मी काय लिहू? या खाणीत आम्ही व्हिएतनामसाठी एकेक रोजी काढून दिली होती. ज्या बायांनी खनिजाच्या ढिगावर दगड फोडले, त्यांनीही दिली. पंधरा वर्षं मी या लोकांना सांगत आलो की कामगारांचं राज्य दुसऱ्या कामगारांच्या राज्यावर चालून जात नाही. आणि आता चहाच्या टपरीवर तुमच्या पक्षाचा सोमाजी, इथल्या दुसऱ्या युनियनचा सेक्रेटरी, सगळ्यांदेखत मला विचारतो, “काय बावनकर, चीन आता कोणाले मुक्त करून राहिला?” मी अर्धा चहा टाकून उठलो.

भिंतीवरची तसबीर काढली नाही, पण तिच्याकडे पाठ करून जेवतो.

लग्नात मला भाषण करायचं आहे. कशावर करू? दोन महिने लग्न पुढे ढकलू या. आज माझं तोंड माणसांत दाखवण्यासारखं नाही.

टिकाराम

करडी
२५ फेब्रुवारी १९७९

टिकाराम,

लग्न एक दिवसही पुढे जाणार नाही.

खरं ते सांगतो. बातमी ऐकून मला आधी मजा वाटली. तुला चिडवायला कागद घेतला, ‘चीनच्या मित्रास’ असा मायनाही घातला. गोदावरी म्हणाली, “कोणाले लिहून राहिले इतके खुशीत?” तेव्हा मला अडुसष्टचा ऑगस्ट आठवला. रशियाचे रणगाडे प्रागमध्ये गेले होते. पक्षाचं म्हणणं यायचं होतं. मी रेडिओ बंद केला आणि धानाच्या बांधीत जाऊन तण नव्हतं तिथेही निंदत बसलो. हे ज्याच्याशी बोलावं असा एकच माणूस होता, आणि त्याचा माझा रामराम बंद होता. तुझ्या पोटात आज कुठे दुखतं ते मला माहीत आहे रे. तो कागद फाडला.

पंच्याहत्तर साली सायगाव मोकळं झालं तेव्हा मी करडीत बुंदी वाटली. मग कोणीतरी सांगितलं की त्याच दिवशी तू खाणीत बुंदी वाटली. खरी लाज वाटावी तर याची वाटते, की आपण ती एका परातीत कालवली नाही.

आणि हे मोठे देश आपापसात काय करतात ते त्यांना करू दे. आपण पहिला झेंडा ना मॉस्कोहून आणला होता, ना पेकिंगहून. तुमसरच्या बाजारात कापड घेतलं आणि तूच शिवलास. टाके वाकडे होते, पण बिडीवाल्या बायांची मजुरी त्याच्याखालीच वाढली.

भाषण जमत नसेल तर नको करू. लोक खूश होतील. मी शनिवारी येतो.

यादोराव

भंडारा जेल
१ मार्च १९७९

यादोराव भाऊ,

घाबरू नको, तब्येत बरी आहे. शकू भेटायला आली, तिच्याच हाती हे पत्र देऊन राहिलो.

सोमवारी सकाळी धनीरामने ट्रॉली सोडायला नकार दिला. दोराच्या तारा तुटून काट्यांसारख्या बाहेर आल्या होत्या. बसलेल्या माणसांनाही दिसत होत्या. मॅनेजर म्हणाला, “सोड, नाहीतर घरी जा.” धनीराम म्हणाला, “साहेब, तुम्ही बी बसा ट्रॉलीत, मंग सोडतो.” मॅनेजर बसला नाही. पोराला कामावरून काढलं.

आमच्या युनियनने संप पुकारला. सोमाजीची युनियन अडून बसली. म्हणतो, वरून आदेश आला नाही. अर्धी माणसं फाटकाबाहेर, अर्धी आत जायला उभी, आणि खाणीचा शेठ दोघांची मजा पाहून राहिला. काल ढकलाढकली झाली आणि शांतता भंग म्हणून पोलिसांनी मला आणलं.

सोमाजी माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. त्याच्याशी बोल. जुन्या दोराने कोणी खाली जाता कामा नये.

आणि रविवार सोडू नको. मले इथून सुटता येणार नाही. माझ्या जागी तू उभा राह्य. ललिता रडली तर तिला सांग, बाप जेलात आहे म्हणून लाजू नको. तुझ्या लग्नात बाप नाही, हे मात्र मले बी जमून नाही राहिलं.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं.

टिकाराम

मोहटोला खाण
६ मार्च १९७९

कॉम्रेड टिकाराम,

(जेलर साहेब, हे पत्र आधी तुम्ही वाचणार. लग्नाचं आहे. वाचून लवकर पुढे द्या.)

पहिल्यापासून सांगतो. गुरुवारी शकुबाई तुझं पत्र घेऊन आमच्या दारात आली. मी बाहेरच पत्र वाचत उभा राहिलो, ती सरळ आत गेली. थोड्या वेळाने मी पाहतो तर दोघी चुलीपुढे बसलेल्या, आणि शकुबाई न विचारता हात लांब करून फडताळामागचं मिठाचं मडकं काढते आहे. आमच्या घरात मीठ कुठे असतं ते मलाही माहीत नाही. म्हटलं, “शकुबाई, तुम्ही या घरी आधी कधी आलत्या?” दोघी एकमेकींकडे पाहून अशा हसल्या की मला सगळं समजलं. आपला पक्ष फुटला होता रे, त्यांचा कधीच फुटला नव्हता. दर पावसाळ्याआधी ती इथे येऊन जायची, मी तालुक्याला सभेत असायचो. धनीरामला तुझ्या ताटावर बसवला तोही या दोघींनीच. तू हेर शोधत होतास ना? एक तुझा स्वयंपाक करते, एक माझा.

मग मी पत्र वाचून दाखवलं. गोदावरीने लगेच सांगितलं, “लगनाचा तांदूळ आजच न्या. संपातले लोक तेच आपले वऱ्हाडी. जेवण तीन दिवस आधी सुरू झालं असं समजू.” गावातून आणखी तांदूळ निघाला, कोणी पायलीभर, कोणी पोतंभर. ट्रक केशवरावच्या दारासमोर आला तर तो आपलं पोतं घेऊन रस्त्यातच उभा. पोतं वर टाकलं आणि ड्रायव्हरजवळची जागा पकडली. वड्यांचं काही बोलला नाही.

फाटकावर सोमाजी भेटला. म्हणाला, “गभणे भाऊ, तुम्ही आपले. पण वरून आदेश नाही तोवर...”

मी म्हटलं, “ट्रॉलीत तुझी माणसं कोणत्या बाजूनं बसते अन् बावनकरची कोणत्या?”

“अशी बाजू नसते जी. मिसळून बसते सगळे.”

“मंग दोर तुटला तं तो मिसळूनच तुटेल.”

तो खाली पाहून चपलेने माती उकरत राहिला. मग आत गेला, युनियनचा झेंडा काढून आणला आणि तुमच्या झेंड्याशेजारी रोवला. त्यानंतर फाटकातून आत गेलं ते फक्त मॅनेजरचं कुत्रं.

रविवारी तिथेच मांडव घातला. चार बांबू, वर पळसाच्या डहाळ्या, फुलांसकट. हळद तर सकाळीच लागली. दगड फोडणाऱ्या बायांनी ललिताला अशी माखली की धनीरामने विचारलं, हीच का म्हणून. (ललिता रडली नाही. तुझा निरोप सांगितला तेव्हा म्हणाली, “लाजू कायले? अख्ख्या खाणीत माझाच बाप जेलात आहे.”)

तुझ्या जागी मी उभा राहिलो. आधी मुलीचा बाप म्हणून तिचा हात धरून तिला पुढे आणलं. मग मांडवाला वळसा घालून मुलाचा बाप म्हणून समोर जाऊन उभा राहिलो. इकडे डोळे पुसले आणि तिकडे जाऊन हसलो. लोकांना वाटलं, माणूस बिघडला.

खरी पंचाईत पुढे झाली. भटजी नाही, मंगलाष्टकं नाहीत, तेव्हा अक्षता टाकायच्या कधी? दोघं हार घेऊन उभी, सगळे मुठी भरून उभे, कोणाला काही सुचेना. शेवटी सोमाजी ओरडला, “इन्किलाब!” सगळी खाण ओरडली, “झिंदाबाद!” आणि अक्षतांचा असा पाऊस पडला की माझ्या कानात अजून तांदूळ आहेत.

भाषण झालं नाही. मी तुझं आणि माझं अशी दोन्ही तयार करून आणली होती. पहिलं वाक्य बोललो, तोच गोदावरी म्हणाली, “भात निवून राहिला.” सभा बरखास्त.

पंगतीत केशवराव कोणाच्या मांडीला मांडी लावून बसला ते सांगत नाही. जातीच्या हिशोबाने त्याला ते पुढच्या जन्मीही जमलं नसतं. तीनदा भात घेतला.

आज सकाळी शेठची गाडी नागपूरहून नवा दोर घेऊन आली. धनीरामला परत कामावर घेतलं. वकील म्हणतो, तुझी सुटका आजउद्यात होईल. मी फाटकावर थांबलो आहे. व्याही झालो आता, म्हणजे आपल्या बोलीत इवाई. पहिला मान म्हणून तुला स्टँडवर घ्यायला येतो.

तुझा,
यादोराव इवाई

मोहटोला खाण
२० जानेवारी १९८०

इवाईबुवा,

नात झाल्याचं तारेने कळवलंच होतं. माझं म्हणणं, नाव ‘मुक्ती’ ठेवावं. तू ‘क्रांती’वर अडून आहेस असं ललिता सांगते. मधल्या मधे दोन्ही आज्यांनी तिचं ‘चिमी’ करून टाकलं आणि ती त्यालाच पाहते.

दुसरं. रशियाची फौज अफगाणिस्तानात गेली. तुझा पक्ष म्हणतो बरोबर, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा माझाही पक्ष तेच म्हणतो. दोन्ही पक्ष एक झाले म्हणून मी खूश व्हायला पाहिजे. तू झालास का? मी नाही झालो.

तिसरं लिहायचं नव्हतं, पण शकू मागे लागली. मार्चअखेर मी रिटायर होतो. खाणीची खोली सोडावी लागेल. गावचं घर भावांनी केव्हाच वाटून घेतलं. धनीराम म्हणतो आमच्याकडे राहा, पण त्याचीही एकच खोली, त्यात चिमी. तुमसरला एखादी खोली पाहतो. जन्मभर माणसांच्या गर्दीत राहिलो, आता म्हातारपणी दोघं भिंतीकडे पाहत बसू. असो.

टिकाराम

करडी
२ फेब्रुवारी १९८०

टिकाराम,

अफगाणिस्तानावर मीही खूश नाही. म्हणजे दोन पक्षांचं जमलं आणि आपल्या दोघांचंही जमलं, फक्त वेगवेगळ्या बाजूंनी.

तुमसरला खोली पाहू नको. आमच्या शेतातल्या तळ्याच्या, बोडीच्या पाळीवर, म्हणजे अगदी बांधावरच, पाण्याकडे तोंड करून, दोन खोल्यांचं जुनं घर आहे. गड्यासाठी बांधलं होतं, गेली काही वर्षं रिकामंच. गोदावरीने सारवून घेतलं. ‘मी कोणाच्या दयेवर राहणार नाही’ असं तू म्हणशील, म्हणून आधीच सांगतो: दया नाही, मला गरज आहे. रोजगार हमीच्या कामावर इथल्या मजुरांना हजेरीसाठी रोज भांडावं लागतं, आणि माझे गुडघे आता तहसीलच्या पायऱ्या चढत नाहीत. तुझे चढतात. शिवाय करडीत तुझ्या पक्षाचा एकही माणूस नाही. ये आणि शाखा काढ. मी जोरात विरोध करीन. इतकी वर्षं गावात मला विरोध करणारा धड कोणी नाही, सगळे नुसते ‘हो भाऊ’ म्हणतात; माझं डोकं गंजून चाललं.

केव्हा येतोस ते कळव.

यादोराव

मोहटोला खाण
२८ मार्च १९८०

यादोराव,

सोमवारी दुपारच्या गाडीने निघतो. शकूने सामान बांधून ठेवलं आहे. मला विचारलं नाही. तुझं पत्र यायच्या आधीच तिने कोंबड्या करडीला पाठवून दिल्या होत्या असं आता समजलं.

शाखेची पहिली सभा आल्यानंतरच्या रविवारी घेऊ. वक्ता मी. ऐकायला कोणी आलं नाही तर तू, गोदावरीवहिनी आणि केशवराव पुरे. मधे उठून जायचं नाही. माझं झाल्यावर तू बोल, तेवढाच वेळ, एक मिनिट जास्त नाही.

सोळा वर्षांत जे बोलायचं राहिलं, ते पत्रांत मावलं नाही. आता पाकीट-तिकीट बंद. बोडीच्या पाळीवरून हाक मारीन, तेव्हा ‘ओ’ देशील ना?

टिकाराम